प्राचीन इजिप्शियन शब्दांचा उच्चार: आधी शतक विचारा

प्रश्न असा आला आहे: "इजिप्तच्या चित्रलिपीत स्वर लिहीतच नसत, मग नेफरतिती, तुतनखामुन, रामसेस हे उच्चार आले कुठून? ते खरे आहेत का? 'रा' म्हणजे आपला रवी, रामसेस म्हणजे राम, इजिप्त म्हणजे अजपती, अशा पोस्ट सारख्या फिरत असतात. त्यांत तथ्य किती? आणि एखाद्या शब्दाचा शोध स्वतः घ्यायचा तर सुरुवात कुठून करावी?"

आधी थोडक्यात सांगतो. हे रूढ उच्चार खरे नाहीत, ती अभ्यासकांनी केलेली सोय आहे. पण म्हणून खरे उच्चार कायमचे हरवले असंही नाही. बऱ्याच शब्दांच्या बाबतीत आपण खऱ्या उच्चाराच्या पुष्कळ जवळ जाऊ शकतो. अट एकच: कोणत्या शतकातला उच्चार हवा आहे, हे आधी ठरवावं लागतं. या विषयात होणारे निम्मे घोळ हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

काळाचा आवाका पाहा. इजिप्शियन लेखनाच्या पहिल्या खुणा इ.स.पू. 3200 च्या सुमाराच्या आहेत, आणि याच भाषेचं शेवटचं रूप, म्हणजे कॉप्टिक, मध्ययुग उलटल्यावरही काही गावांत बोललं जात होतं. 1290 सालची ज्ञानेश्वरी वाचताना आज आपल्याला टीपा लागतात, आणि मधलं अंतर जेमतेम सव्वासातशे वर्षांचं आहे. इजिप्शियनच्या बाबतीत हे अंतर चार हजार वर्षांच्या पुढे जातं. एवढ्या काळात एका शब्दाचा एकच उच्चार टिकणं शक्यच नव्हतं.

आता ती सोय काय आहे ते पाहू. चित्रलिपीत फक्त व्यंजनं लिहिली जात. 'चांगला, सुंदर' या अर्थाचा शब्द न्-फ्-र् असा लिहिलेला सापडतो. वर्गात तो मोठ्याने वाचता यावा म्हणून अभ्यासक दोन व्यंजनांच्या मध्ये 'ए' घालतात आणि 'नेफेर' म्हणतात. गिधाडाच्या चिन्हाने लिहिलेलं एक व्यंजन आणि कोपरापासूनच्या हाताच्या चिन्हाने लिहिलेलं दुसरं, ही दोन्ही ते 'आ' अशी वाचतात. प्रत्यक्षात ती दोन वेगवेगळी व्यंजनं होती, स्वर नव्हतेच. दुसरं तर अरबीतल्या 'ऐन'सारखं घशातलं व्यंजन होतं. सूर्यदेवाचं नाव र्-ऐन असं लिहिलेलं असतं, आणि वरच्या सोयीमुळे त्याचं 'रा' झालं. 'रा'मधला 'आ' कोणत्याही इजिप्शियन माणसाच्या तोंडून आलेला नाही, तो आधुनिक वर्गातून आला आहे. पुरावा काय सांगतो? इ.स.पू. 14 व्या शतकात परदेशी लेखनिकांनी राजांच्या नावांत हा देव 'रिय' किंवा 'रेय' असा लिहिला, आणि कॉप्टिकमध्ये 'रे' हेच रूप उरलं. 'रा' कुठेच नाही.

मग स्वर मिळतात कुठून? पहिला आणि सर्वात मोठा साक्षीदार कॉप्टिक. इ.स. 3 ऱ्या शतकाच्या आसपास इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांनी आपली भाषा ग्रीक लिपीत लिहायला घेतली. ग्रीकमध्ये नसलेल्या ध्वनींसाठी त्यांनी जुन्या डेमोटिक लिपीतली (चित्रलिपीवरून आलेल्या रोजच्या जलद लिपीतली) काही अक्षरं उचलली. हजारो वर्षं व्यंजनांत लिहिलेली भाषा पहिल्यांदा पद्धतशीरपणे स्वरांसकट कागदावर आली ती इथे. शांपोलियोंने 1822 साली चित्रलिपीचं कोडं सोडवलं तेव्हा रोझेटा शिळेइतकाच (तिच्यावर एकच मजकूर चित्रलिपी, डेमोटिक आणि ग्रीकमध्ये आहे) त्याला त्याच्या कॉप्टिकचा आधार होता. शब्द वाचता आला, पण तो ओळखीचा आहे की नाही हे त्याला कॉप्टिकमुळे कळत होतं.

कॉप्टिकच्या बोली अनेक आहेत, आणि हे भाग्य समजा. साहिदिक, बोहैरिक, अख्मीमिक, फय्यूमी या बोली शेजारी ठेवल्या की त्यांच्या मागचं जुनं रूप दिसू लागतं. 'होणे, घडणे' हे क्रियापद चित्रलिपीत ख़्-प्-र् असं आहे (ख़ म्हणजे अरबी-फारसीतला घशात घासणारा ख़). साहिदिकमध्ये ते 'शोपे', बोहैरिकमध्ये 'शोपि', पण अख्मीमिकमध्ये 'ख़ोपे'. म्हणजे बाकीच्या बोलींत ख़ चा श झाला आणि अख्मीमिकने जुना ध्वनी जपला. शेवटचा र् मात्र सगळीकडे गेला आहे.

इथे एक इशारा. कॉप्टिक चर्चमधली प्रार्थना ऐकून 'हा फॅरोंच्या भाषेचा जिवंत उच्चार' असं मानणारे बरेच भेटतात. ती प्रार्थना बोहैरिक बोलीत आहे, पण 19 व्या शतकात तिचा उच्चार त्या वेळच्या आधुनिक ग्रीकच्या धर्तीवर सुधारून घेतला गेला. त्यामुळे स्वरांसाठी लिखित कॉप्टिकवर आणि सुधारणेपूर्वीच्या परंपरेच्या नोंदींवर विसंबावं, आजच्या ध्वनिमुद्रणांवर नाही.

दुसरा साक्षीदार मला स्वतःला सर्वात प्रिय आहे: कीलाकार लिपी, ओल्या मातीवर खिळ्यासारख्या खुणा दाबून लिहिलेली. इ.स.पू. 14 व्या शतकात पश्चिम आशियाचा दरबारी पत्रव्यवहार अक्कदी (बाबिलोन-असिरियाच्या) भाषेत, मातीच्या पाट्यांवर चालत असे. या लिपीत स्वर लिहावेच लागतात. 1887 मध्ये इजिप्तमधल्या अमर्ना इथे, अखेनातेन राजाच्या राजधानीच्या जागी, असा पत्रव्यवहार सापडला, आणि त्यात इजिप्शियन राजांची नावं त्यांच्याच हयातीत, परक्या कानांनी ऐकून, स्वरांसकट लिहिलेली निघाली. तिसऱ्या आमेनहोतेपचं राजनाम (राज्यावर बसताना घेतलेलं नाव) आपण 'नेब-मात-रा' असं वाचतो. पाट्यांवर ते 'निब्मुअरेय' किंवा 'निम्मुरेय' आहे. अखेनातेनचं 'नेफेर-खेपेरु-रा' तिथे 'नप्ख़ुरुरेय' झालेलं दिसतं. अक्कदीत 'फ' नव्हता, म्हणून लेखनिकाने 'प' लिहिला. तेवढं सोडलं तर पहिलं अक्षर 'नफ्' आहे, 'नेफेर' नाही. मधल्या ख़्-प्-र् मधला प् तर ऐकूच येत नाही. चित्रलिपी लिहिणारा मात्र तो प् इमाने इतबारे लिहीत होता.

या सगळ्याची ताकद एका शब्दात दाखवता येते: 'आठ'. चित्रलिपीत तो ख़्-म्-न् असा आहे. अमर्नाच्या पाट्यांत एक छोटा शब्दसंग्रह आहे, बहुधा परकी भाषा शिकणाऱ्या लेखनिकाचा. त्यात इजिप्शियन आकडे कीलाकारात लिहिलेत. तिथे आठ आहे 'ख़मन्'. आता सातशे वर्षं पुढे या. इ.स.पू. 7 व्या शतकात असिरियाच्या अशुरबनिपालने इजिप्तच्या स्थानिक राजांची यादी कोरून घेतली. तीत 'ख़िमुनि' नावाचं शहर येतं. हे शहर म्हणजे ग्रीकांचं हर्मोपोलिस. आठ आदिदेवतांचं ठाणं म्हणून त्याचं इजिप्शियन नाव 'आठ' या शब्दावरूनच पडलं होतं. पुढे कॉप्टिकमध्ये आकडा 'श्मून' आणि शहरही 'श्मून'. आणि आजही मध्य इजिप्तमध्ये त्या जागी अल्-अश्मूनैन नावाचं गाव आहे.

ख़मन्, ख़िमुनि, श्मून, अश्मूनैन. या ओळीत तीन गोष्टी दिसतात. आघाताचा (उच्चारात जोर पडणाऱ्या अक्षरातला) दीर्घ 'आ' इ.स.पू. 13 व्या शतकानंतर आणि 7 व्या शतकापूर्वी कधीतरी 'ऊ'कडे झुकला. आघात नसलेला पहिला स्वर आधी मंद झाला आणि मग गळाला. ख़ चा श त्याहूनही नंतर झाला. एकाच शब्दावर इतकं बांधू नये हे खरं, पण दुसरे शब्दही हीच साक्ष देतात. आमोन देवाचं नाव अमर्नाच्या काळात 'अमान', अशुरबनिपालच्या यादीतल्या 'उनमुनु' या राजाच्या नावात 'अमुनु'सारखं, आणि कॉप्टिकमध्ये 'अमून'. म् आणि न् नंतर 'आ'चा 'ऊ' होतो. इतर ठिकाणी 'ओ' होतो. 'माणूस' हा शब्द र्-म् आणि मागे एक च्-सारखं व्यंजन असा लिहीत. कॉप्टिकमध्ये तो 'रोमे'. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इ.स.पू. 5 व्या शतकात थीब्सच्या पुजाऱ्यांकडचा 'पिरोमिस' हा शब्द नोंदवला आहे. तो म्हणजे 'प-रोमे', अर्थात 'तो माणूस'. तेव्हा 'ओ' झालेला होता याची ही तारीखवार साक्ष.

दुसरा मोठा बदल म्हणजे जुन्या 'ऊ'चा 'ए' झाला. अमर्नाच्या यादीत दहा आहे 'मुटु', कॉप्टिकमध्ये 'मेत'. सत्याची देवता, जिला आपण 'मात' म्हणतो, ती राजनामांत 'मुअ' आहे आणि कॉप्टिकमध्ये 'मे'. इसिस देवी कॉप्टिकमध्ये 'एसे', असिरियन नोंदींतल्या नावांत 'एशु'. पण दक्षिणेला मेरोईच्या (आजच्या सुदानमधल्या राज्याच्या) भाषेत तिचं नाव 'वोश' असं टिकलं, कारण ते तिकडे 'ऊ'चा 'ए' होण्याआधीच गेलं होतं. परक्या भाषेत गेलेला शब्द घरच्या पुढच्या बदलांतून सुटतो. म्हणून उसनवारीचे शब्द जपून गोळा करावेत.

अर्थात साक्षीदारांच्याही मर्यादा आहेत. कीलाकारात 'ओ' लिहायची सोय नाही, त्यामुळे 'ख़िमुनि'तला उ खरोखर उ होता की ओ, हे पाटी सांगणार नाही. घशातला ह आणि ऐन अक्कदीत नव्हते, म्हणून लेखनिक ह साठी ख़ लिहितो आणि ऐन कधी नुसताच सोडून देतो. ग्रीकांचे कान ह आणि ऐनपुढे त्याहून कमी पडतात. प्रत्येक साक्षीदाराला काय ऐकू येत नव्हतं ते आधी माहीत हवं.

तिसरा आधार साक्षीचा नाही, तो रचनेचा आहे. कॉप्टिकमध्ये 'भाऊ' आहे 'सॉन', ह्रस्व स्वराचा, आणि 'बहीण' आहे 'सोने', दीर्घ स्वराची. चित्रलिपीत हे दोन शब्द स्-न् आणि स्-न्-त्. नियम असा निघतो: आघाताचं अक्षर व्यंजनाने बंद होत असेल तर स्वर ह्रस्व, उघडं असेल तर दीर्घ. मग मूळ रूपं 'सन्' आणि 'सा-नत्' अशी मांडता येतात. शेवटचा स्त्रीलिंगी त् गळून गेला तरी स्वराच्या लांबीत त्याची खूण राहिली. आघात नेहमी शेवटच्या किंवा शेवटून दुसऱ्या अक्षरावर असे, आणि जुन्या काळासाठी तीन मूळ स्वर पुरतात: अ, इ, उ. कुर्ट झेटेने 19 व्या शतकाच्या अखेरीस या कामाची पायाभरणी केली, गेरहार्ड फेश्टने आघाताचे नियम बसवले, यूर्गेन ओसिंगने 1970 च्या दशकात नामांच्या रचनेची मोठी मांडणी केली. पुढे अँटोनिओ लोप्रिएनो, कार्स्टन पॉइस्ट आणि जेम्स अ‍ॅलन यांनी यातल्या बऱ्याच गोष्टी पुन्हा तपासल्या. त्यांचं आपसांत पटत नाही अशा जागा पुष्कळ आहेत, आणि त्या जागाच वाचण्यासारख्या आहेत.

आता तुम्ही विचारलेली नावं घेऊ. पुढची रूपं अंदाजाने बांधलेली आहेत हे गृहीत धरा.

नेफरतितीचं नाव कीलाकारात सापडलेलं नाही. पण दुसऱ्या रामसेसची राणी नेफरतारी हिचं हित्ती (आजच्या तुर्कस्तानातलं साम्राज्य) राणी पुदुख़ेपाला लिहिलेलं पत्र त्यांच्या राजधानीत, हत्तुशात, सापडलं, आणि तिथे तिचं नाव 'नप्तेर' आहे. दोघींच्या नावांचा पहिला भाग एकच, म्हणून नेफरतिती 14 व्या शतकात 'नफ्‌त-ईत'च्या जवळपास ऐकू येत असावी. म्हणजे 'नेफेर'मधला ए तिथे नाही आणि बहुधा र् सुद्धा नाही. तुतनखामुनचे तुकडे वेगळे करू: पहिल्याचा कॉप्टिक वारस 'तुओत' (मूर्ती), दुसऱ्याचा 'ओन्ह' (जगणे), तिसरा 'अमान'. जोडनावात मुख्य आघात शेवटच्या तुकड्यावर पडतो आणि आधीचे तुकडे आखडतात, म्हणून 'तुवत-अनख़-अमान' असं काहीसं. यात 'अनख़'च्या आधी ऐन आहे, जो देवनागरीत लिहिता येत नाही.

दुसऱ्या रामसेसच्या बाबतीत अंदाज करायची वेळच येत नाही. हित्तींशी झालेल्या पत्रव्यवहारात त्याचं नाव 'रिअमशेश' आणि राजनाम 'वश्मुअरिय' आहे (अक्कदी लेखनिक इजिप्शियन स साठी श चं चिन्ह वापरत). त्याच राजनामाचं बाराशे वर्षांनंतर, ग्रीक इतिहासकार डिओडोरसकडे, 'ओसिमान्डिअस' झालेलं आहे.

इथून थेट तुमच्या पोस्टकडे येतो, कारण प्रश्न महत्त्वाचा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. 'रामसेस'चे तुकडे 'राम' + 'सेस' असे पडत नाहीत. ते र्-ऐन (सूर्यदेव), म्-स् (जन्म देणे) आणि स्-व् (त्याला) असे आहेत: 'सूर्यदेवाने त्याला जन्म दिला'. त्यातला म् हा 'जन्म'च्या शब्दाचा आहे. तोच शब्द थुतमोसमध्ये येतो, तिथे देव वेगळा. शिवाय 'रा' हे रूपच आधुनिक आहे हे वर आलंच आहे. 'रिअमशेश'मध्ये राम दिसत नाही, आणि 'रे'चा रवीशी संबंध लावायचा तर आधी र् नंतरचा ऐन कुठे गेला आणि 'व' कुठून आला याचा नियम द्यावा लागेल, आणि तो नियम इतर दहा शब्दांना लागू करून दाखवावा लागेल. दोन शब्दांचं साम्य म्हणजे पुरावा नाही. पुन्हा पुन्हा त्याच रीतीने घडणारी जुळणी हा पुरावा.

'इजिप्त'चा प्रवास तर पावलापावलाने दाखवता येतो. मेम्फिसमध्ये प्ताह देवाचं मोठं मंदिर होतं. त्याच्या नावाचा अर्थ 'प्ताहच्या का-चं घर' (का म्हणजे प्राणशक्तीसारखी कल्पना). अमर्नाच्या पत्रांत हे नाव 'ख़िकुप्तख़' असं आलं आहे. क्रीटमधल्या नोसोसच्या लिनियर बी (ग्रीक भाषेची सर्वात जुनी लिपी) पाटीवर 'ऐकुपितियो' असं माणसाचं नाव सापडतं. मग ग्रीक 'ऐगुप्तोस', त्यातून युरोपीय रूपं. अरबीत पहिला भाग गळून 'क़िब्त', आणि त्यातून 'कॉप्ट'. इतके टप्पे हातात असताना 'अजपती'ला जागाच उरत नाही. इजिप्शियन लोक स्वतः देशाला 'केमे' म्हणत, हे कॉप्टिक रूप. त्याआधीचं 'कूमत्' असं बांधतात.

पण भारतीय उपखंडाशी जोडलेला एक खरा धागा याच अमर्नाच्या पाट्यांत आहे, आणि तो या पोस्टपेक्षा कितीतरी मोलाचा आहे. आमेनहोतेपला पत्रं लिहिणाऱ्यांत मितन्नीचा (उत्तर सीरियातल्या राज्याचा) राजा तुश्रत्त होता. त्याचं नाव 'त्वेषरथ' असं उलगडतात. मितन्नीच्या एका करारात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य साक्षीला आहेत. किक्कुली नावाच्या मितन्नी अश्वशिक्षकाच्या हित्ती ग्रंथात आकडे येतात: ऐक, तेर, पंझ, सत्त. इथे 'एक'च्या जागी 'ऐक' आहे. संस्कृतातला ए पूर्वी 'अइ' होता, हे तुलनात्मक भाषाशास्त्राने स्वतंत्रपणे आधीच मांडलं होतं. कीलाकार लिपीने त्याला दुजोरा दिला. इजिप्शियनचे स्वर ज्या लिपीने आपल्यापर्यंत आणले, तिनेच आपल्या भाषेच्या एका दूरच्या बहिणीचे स्वरही जपले. ज्यांना या दोन संस्कृतींचं नातं शोधायचं आहे त्यांनी खुशाल इथे खोदावं.

इजिप्शियनचं घराणं वेगळं आहे: आफ्रो-आशियाई. अरबी, हिब्रू, अक्कदी, बर्बर ही त्याची भावंडं. 'मी' कॉप्टिकमध्ये 'अनोक', अक्कदीत 'अनाकु'. 'जीभ' चित्रलिपीत न्-स्, कॉप्टिकमध्ये 'लस', अरबीत 'लिसान'. चित्रलिपीत ल साठी वेगळं चिन्ह नव्हतं, त्यामुळे न् च्या आड ल लपला होता आणि तो कॉप्टिकने उघड केला. पण या घराण्यातही शिस्त हवी. 'आठ'च पाहा: इजिप्शियन ख़्-म्-न्, अरबी 'समानिया' (तिथे पहिला ध्वनी दातांवर जीभ टेकवून काढलेला स). म् आणि न् जुळतात, पण ख़ आणि तो स यांची जोडी नियमित म्हणून दाखवता येत नाही. इतका उघड वाटणारा शब्दसुद्धा पूर्ण बसत नाही, हे सांगणं अभ्यासकाचं काम आहे.

व्यंजनांवरचा मोठा वाद अजून मिटलेला नाही. गिधाडाच्या चिन्हाचं व्यंजन मध्य राज्याच्या काळात (सुमारे इ.स.पू. 2000 ते 1700) र् किंवा ल् च्या जातीचं होतं, यावर आता बऱ्यापैकी एकमत आहे. त्या काळच्या शापलेखांत (शत्रूंची नावं लिहून त्यांना शाप देणाऱ्या लेखांत) परक्या गावांच्या नावांतला ल या चिन्हाने लिहिला आहे, जसं अश्कलोन. मेर्नेप्ताह राजाच्या शिळेपर्यंत (इ.स.पू. 13 वं शतक) येईतो त्याच गावासाठी र चं चिन्ह वापरावं लागलं, कारण दरम्यान गिधाडाचा ध्वनी झिजून गेला होता. ऐनबद्दल मात्र दोन तट आहेत. ओटो रोसलरने 1971 मध्ये मांडलं की अतिप्राचीन काळी ऐन हा द च्या जातीचा होता. उदाहरणार्थ 'माशी' ऐन्-फ्-फ् आणि अरबी 'ज़ुबाब'. मला ही मांडणी काही शब्दांत पटते, सर्वत्र नाही. जुन्या पद्धतीच्या ऐन-ऐन जुळण्यांपैकी काही इतक्या भक्कम आहेत की त्या फेकून देता येत नाहीत.

एका बाबतीत मराठी वाचकाला युरोपीय वाचकापेक्षा सोपं जातं. पुस्तकांत त् आणि द् असे दोन ध्वनी छापतात, आणि वाचणारा ते इंग्रजीसारखे समजतो. पण बोहैरिकमध्ये 'हात' आहे 'तोरि' आणि एका झाडाचं, विलोचं, नाव आहे 'थोरि'. साहिदिकमध्ये दोन्ही 'तोरे' असेच लिहितात. चित्रलिपीत 'विलो'चा आद्यध्वनी त् च्या गटातला, 'हात'चा द् च्या गटातला. म्हणजे हा फरक घोष-अघोष असा नसून महाप्राण आणि अल्पप्राण असा होता: थ आणि त. दुसऱ्या बाजूनेही याला आधार आहे. अमर्नाच्या यादीत चार 'पिटउ' आणि दहा 'मुटु' लिहिताना लेखनिकाने द् च्या गटासाठी साधा त किंवा द न वापरता अक्कदीचा जोरकस त वापरला (मी त्यासाठी इथे ट लिहिला आहे). आणि दोन हजारांहून अधिक वर्षांनी अरबांनी तेच केलं: इजिप्शियन 'वीट', कॉप्टिक 'तोबे', अरबी 'तूब', यातला त जोरकसच. पुढे अरबीचं उपपद चिकटून स्पॅनिशमध्ये 'अडोबे' झालं, मातीच्या कच्च्या विटांसाठी जगभर चालणारा शब्द.

असे प्रवासी शब्द आणखी आहेत. 'नेत्रि' म्हणून वाचला जाणारा क्षार ग्रीकमध्ये 'नित्रोन' झाला. नायट्रोजनच्या नावात आणि सोडियमच्या 'एनए' या चिन्हात तो अजून आहे. कमळाचा शब्द कॉप्टिकमध्ये 'शोशेन', हिब्रूत 'शोशन्ना', आणि त्यातून सुसान हे नाव. 'फॅरो' मूळचा 'मोठं घर' असा, राजवाड्याचा शब्द, हिब्रूत 'परओ'. कॉप्टिकमध्ये गंमत झाली: पहिला प हा 'तो' या अर्थाचं उपपद आहे असं लोकांना वाटलं, त्यांनी तो वेगळा काढला, आणि 'राजा' म्हणजे नुसतं 'र्रो' उरलं. याउलट 'पपायरस' म्हणजे 'फॅरोचं ते' ही व्युत्पत्ती सगळीकडे छापलेली असते, पण त्या अर्थाने तो शब्द कोणत्याही इजिप्शियन लेखात आढळत नाही. तो तर्क म्हणूनच सांगावा.

शेवटी, सुरुवात कुठून करायची. चित्रलिपीपासून नको, साहिदिक कॉप्टिकपासून करा. वर्णमाला आठवड्याभरात हाताला बसते आणि स्वर डोळ्यांसमोर असतात. मग एखादा शब्द घ्या, त्याची सर्व बोलींतली रूपं एका कागदावर लिहा, खाली ग्रीक नोंदी, त्याखाली असिरियन, त्याखाली अमर्नाच्या, आणि प्रत्येकीपुढे शतक. चित्रलिपीतलं रूप सर्वात खाली. जिथे लेखी पुरावा संपतो तिथून पुढच्या प्रत्येक रूपाआधी तारा (*) काढा, म्हणजे ते बांधलेलं आहे हे स्वतःलाही विसरता येणार नाही. अमर्नाच्या मागे, पिरॅमिडांच्या काळात जायचं झालं तर ताऱ्याशिवाय काहीच मिळत नाही: शब्दाचा साचा कळतो, आघाताची जागा कळते, स्वर अ-इ-उ पैकी कोणता असावा तेही बऱ्याचदा कळतं, पण आघात नसलेल्या अक्षरांचे स्वर बहुतेक वेळा हाती लागत नाहीत. पहिला शब्द म्हणून 'भाऊ' आणि 'बहीण' ही जोडी घ्या. ती जमली की आकडे एक ते दहा.